समोर दळलेलं पीठ

माझ्या जेठाणीला गावात आता लोक देवमाणूस म्हणतात. ऐकलं की मला रागच येतो. तेव्हा कुठे होतात रे तुम्ही, असं विचारावंसं वाटतं. आणि देवमाणूस म्हटलं की सगळं सोपं होऊन जातं. देवाला काय, देव करतोच. द्रौपदाअक्का काही देव नव्हती. तिची कंबर दुखायची, ती चिडायची, चहात साखर कमी पडली तर कप बाजूला सरकवून द्यायची. तरी तिनं जे केलं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय आणि अजून आठवलं की हातातलं काम थांबतं. नुसतं पाहिलंच नाही. मध्ये एकदा मीच ते पार मातीत घातलं होतं. तेवढं सांगितल्याशिवाय तिचं सांगून होत नाही, म्हणून आधीच कबूल करते.

मी लता. माहेर धुळ्याचं, त्यामुळे तोंड जरा सुटलेलं. ब्याऐंशी साली लग्न होऊन पारोळ्याजवळच्या या गावात आले, बोरी नदीच्या काठाला. घरात सासरे हिलाल नाना, थोरले जेठ पितांबरभाऊ, त्यांची बायको द्रौपदाअक्का, आणि माझे मालक अभिमन. सासू नव्हती. अक्काला मूल नव्हतं. घर अक्काच चालवायची, आणि मला आल्या आल्या तिनं सांगून टाकलं होतं की तू बोल कितीही, पण हात चालू ठेवून बोल.

भाऊंचं पारोळ्यात मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की लोक बैलगाडीत टाकून त्यांच्याकडे आणायचे. ते आतली काळी पडलेली तार उपसून तांब्याची नवी तार भरून द्यायचे. हात असा की धुळ्याचे मिस्त्रीसुद्धा त्यांना विचारायला येत. चालू मोटारीला कान लावून ते सांगायचे, बेअरिंग गेलंय, नाहीतर तार ढिली आहे. म्हणून त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात जेव्हा ते म्हणाले की मोटारीतून कुणीतरी माझं नाव घेतंय, तेव्हा आम्ही हसलो. वाटलं, गंमत करताहेत.

गंमत नव्हती. आधी मोटारीतून, मग दुकानातल्या पंख्यातून, मग काहीच चालू नसतानाही तो आवाज यायला लागला. तो म्हणे, तुला मारणार आहेत. कसं मारणार? जेवणातून. एक दिवस भाऊंनी माझ्या हातची वांग्याची भाजी वास घेऊन बाजूला ठेवली. मला राग आला, कारण भाजी चांगली झाली होती. आठ दिवसांनी त्यांनी अक्काचं ताटही सरकवलं. दुकान बंद पडलं. माणूस ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसून राहायचा आणि घरातल्या प्रत्येकाच्या हाताकडे बघायचा. वर्षभरात अंगावर नुसती कातडी राहिली.

नानांनी काय करायचं ते केलं. भगत झाले, गंडे झाले, अंगावरून लिंबू उतरवून झाले. एका भगतानं मिरच्यांची धुरी दिली, त्यात भाऊ गुदमरले आणि आम्ही सगळेच खोकत बाहेर पळालो. नंतर नाना बोलायचेच बंद झाले. गावात लोक विचारायचे, थोरल्याचं कसं काय? नाना म्हणायचे, चाललंय.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात अक्का भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. भाऊ समोर बसले होते. त्यांनी हळूच एक शेंग उचलली, फोडली, दाणे तोंडात टाकले. मग दुसरी. मग तिसरी. अक्कानं मान वर केली नाही. ती शेंगा त्यांच्याकडे सरकवत राहिली. त्या दिवशी त्यांनी पसाभर दाणे खाल्ले. मी हे पाहिलं आणि माझ्या डोक्यात काहीच शिरलं नाही. अक्काच्या डोक्यात शिरलं.

दुसऱ्या दिवशी तिनं गोठ्यातलं जुनं जातं काढलं. गावात चक्की येऊन बारा वर्षं झाली होती, आमच्या दारापासून वीस पावलांवर. जात्याला कोण विचारतं? त्यावर कोंबड्या बसायच्या. अक्कानं ते धुतलं, पाथरवटाला बोलावून गुळगुळीत झालेल्या दगडांना टाकी लावून घेतली आणि ओसरीवर भाऊंच्या पुढ्यात मांडलं. सुपात ज्वारी घेतली आणि सूप त्यांच्यापुढे धरलं. भाऊंनी दाण्यात बोटं फिरवली, दोनचार दाणे चावून बघितले. मग ती दळायला बसली. पीठ त्यांच्यासमोर चाळलं. भाऊंनी स्वतः विहिरीतून शेंदलेल्या पाण्यात तिनं ते मळलं. चूलही ओसरीच्या कडेला मांडली होती. भाकर तव्यावरून थेट त्यांच्या हातात. हात भाजला, पण त्यांनी ती खाली ठेवली नाही. दोन भाकरी खाल्ल्या, मीठ आणि हिरवी मिरची लावून.

मी पदर तोंडात कोंबून आतमध्ये रडले. अक्का मात्र परात धूत होती.

हे एक दिवसाचं असतं तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण ते रोजचं झालं, सकाळ आणि संध्याकाळ. सकाळचं पीठ संध्याकाळी चालत नसे, कारण मधल्या वेळात कुणी काही केलं असेल तर? डाळसुद्धा त्यांच्यासमोर भरडायची. अक्काचा अर्धा दिवस जात्यावर. मग बाकीचं कोणावर? माझ्यावर. शेण, पाणी, गड्यांचा स्वयंपाक, माझ्या तान्ह्या मुलीचं सगळं. मी भांडी आपटायचे. एकदा फणकाऱ्यानं म्हणाले, "अक्का, तुम्ही त्यांच्या वेडाला खतपाणी घालताय."

ती जात्याचा खुंटा न सोडता म्हणाली, "याड बाजूले राहू दे, लता. पोट तं भरनं ना."

मी शेणाची पाटी उचलली आणि गोठ्यात गेले.

पंच्याऐंशीत तिनं कुठून तरी धुळ्याच्या एका डॉक्टरचं नाव काढलं. भाऊ एसटीत बसायला तयार होईनात, तर ती तीन दिवस रोज त्यांना घेऊन नुसती थांब्यापर्यंत जायची आणि परत यायची. चौथ्या दिवशी ते बसले. मी सोबत होते. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, हा आजार आहे, बाहेरचं काही नाही, गोळ्यांनी आवाज कमी होतील. भाऊंनी गोळीकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. निघताना कंपाउंडर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, बाई, भाकरीत घाला कुटून, बरेच जण तसंच करतात.

परतीच्या एसटीत मी अक्काला म्हटलं, बरं झालं, सोपं काम आहे. अक्का खिडकीबाहेर बघत होती. भाऊ पुढच्या सीटवर झोपले होते.

"त्यासले वाटस, जेवणमा कोनी काही घालस," ती म्हणाली. "आते मी खरंच घालू?"

मी म्हटलं, त्यांच्या भल्यासाठीच ना?

"मंग याडं कोन? ते का मी?"

मला तेव्हा ते निव्वळ हट्टाचं वाटलं. गोळी हातात आहे, भाकर हातात आहे, आणि ही बाई न्याय-अन्याय करत बसली आहे. त्यानंतर वर्षभर रोज सकाळी ती गोळी तळहातावर ठेवून भाऊंपुढे धरायची. "ही डॉक्टरनी गोई. भाकरमा नही. आल्लग शे." भाऊ मान हलवायचे. ती गोळी परत डबीत ठेवायची. वर्षभर रोज. मी मनात म्हणायचे, भिंतीशी बोल त्यापेक्षा.

आता कानबाईचं सांगावं लागेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते. त्यासाठी सगळे भाऊबंद एका घरी जमतात आणि रोट होतात. रोट म्हणजे गव्हाच्या जाड पुरणाच्या पोळ्या. पण गहू असे तसे घ्यायचे नाहीत. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. आमच्याकडे नाना एकेकाचं नाव मोठ्यानं घ्यायचे आणि मूठ पडायची. पाळण्यातल्या पोराचीही पडायची. हे गहू चक्कीवर नेत नाहीत, घरीच दळतात. रोट घराण्याबाहेर कुणाला देत नाहीत, टाकत तर नाहीतच, आणि पौर्णिमेच्या आत शेवटचा तुकडा संपलाच पाहिजे. उरला तर देवीचा कोप.

चौऱ्याऐंशी आणि पंच्याऐंशी, दोन्ही साली नानांनी पितांबरभाऊंचं नाव घेतलं नव्हतं. भाऊ खाणार नाहीत, रोट उरेल, म्हणून. पण मूठ गाळतात ती मेलेल्या माणसाची. दोन्ही वेळेला नाव गाळलं तेव्हा अक्का दाराशी उभी होती. ओसरीवर भाऊ बसले होते आणि त्यांना ऐकू येत होतं.

शहाऐंशीत गहू काढायच्या आधी अक्का नानांसमोर उभी राहिली. सासऱ्यासमोर तोंड उघडायची आमच्यात रीत नाही, म्हणून ती खांबाकडे बघून बोलली. "माणूस जित्ता शे. त्याना नावनी मूठ पडू द्या. रोट मी त्यासनासमोर करसू. ते खातीन."

नानांनी काठी खांबाला टेकवली. मग म्हणाले, ठीक. पण चाळीस भाऊबंदांत त्यानं तमाशा केला, तर पुरे झालं. पौर्णिमेला जीप बोलावतो. एक जागा होती लांब, तिथं अशा माणसांना झाडाला साखळीनं बांधून ठेवायचे. कुणी वर्षानं बरं होऊन यायचं म्हणत. आमच्या ओळखीचं कुणी आलं नव्हतं.

मूठ पडली. "पितांबर हिलाल," नाना म्हणाले, आणि भाऊंनी ओसरीवरून मान वर केली. मी ते तोंड विसरणार नाही. दोन दिवस ते अक्काबरोबर बसले. त्यांनी स्वतः गहू निवडले, दळताना समोर राहिले, पुरण वाटताना समोर राहिले. भाऊबंदांच्या बाया कुजबुजत होत्या, पण बघत होत्या. पितांबर माणसांत बसलाय, हेच नवल.

आणि मला भीती वाटत होती. चाळीस माणसं जमली, गलका झाला, त्या गलक्यात त्यांना तो आवाज आला तर? ताट भिरकावलं तर? पौर्णिमेला जीप. माझं डोकं माझ्या परीनं चाललं. मी विचार केला, रोटाला कुणी नाही म्हणत नाही. पुरण गोड आहे, त्यात कडू लपेल. एकदा पोटात गोळी गेली की माणूस शांत होईल, अक्कालाही पटेल, आणि उद्यापासून सगळं सुरळीत. भाऊ हातपाय धुवायला गेले, अक्का चुलीत लाकडं सारत होती, तेवढ्यात मी डबीतल्या दोन गोळ्या खलबत्त्यात कुटल्या आणि त्यांच्या वाटच्या पुरणात मिसळल्या. कानबाईच्या रोटात. देवीचं भय मनात आलंसुद्धा नाही. उलट आपण किती हुशार, असं वाटलं.

पंगत बसली. भाऊ अभिमनच्या शेजारी बसले. अक्कानं रोट वाढला. त्यांनी तूप लावलं, घास घेतला. दुसरा घास घेतला आणि चावता चावता थांबले. अक्काकडे बघितलं. ओरडले नाहीत, ताट फेकलं नाही. त्यांनी उरलेला रोट उपरण्यात बांधला, उठले आणि भर पंगतीतून चालत मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत जाऊन बसले. जेवण अर्ध्यावर टाकून उठणं म्हणजे देवीचा अपमान. चाळीस माणसांचे हात ताटातच राहिले. नाना फक्त एवढं म्हणाले, "संपनं."

चार दिवस भाऊंनी अन्न घेतलं नाही. स्वतः शेंदलेलं पाणी तेवढं प्यायचे. अक्कानं जातं गाडीत घालून मळ्यात नेलं आणि त्यांच्यासमोर दळलं, भाजलं, हातात दिलं. त्यांनी हात मागे घेतला. सगळे अक्काला समजावत होते: त्याला भास होतो, बाई, सोडून दे. मीसुद्धा तोंड वर करून तेच म्हणाले. भास आहे, अक्का. जीभ झडली नाही माझी.

चौथ्या दिवशी ती भाऊंना म्हणाली, "तो रोट माले दाखाडा." भाऊंनी उपरण्याची गाठ सोडली. चार दिवस त्यांनी तो तुकडा टाकला नव्हता. घराण्याचा रोट तेही टाकू शकत नव्हते. अक्कानं तो मोडला आणि एक तुकडा तोंडात घातला.

दुपारी ती घरी आली. मी कपडे वाळत घालत होते. तिनं रोटाचा कण माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "चाख." मला हात वर करता येईना. तिनं माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. शिव्या दिल्या असत्या, झिंज्या धरल्या असत्या, तर मी सुटले असते. ती म्हणाली, "चाल. तूच सांग त्यासले."

देवीच्या रोटात काही मिसळलं हे नानांना कळलं तर माझी रवानगी धुळ्याला, दोन पोरींसकट. आणि दुसरं म्हणजे, आमच्यात धाकट्या भावाची बायको जेठाशी बोलत नाही. समोर आली तर पदर पुढे ओढून वाट सोडते. चार वर्षांत मी भाऊंशी एक अक्षर बोलले नव्हते. मी अक्काला म्हटलं, तुम्ही सांगा ना, माझं नाव घेऊन सांगा. ती म्हणाली, "मी सांगं तं ते म्हनतीन, ही माले समजाडस."

मळ्यापर्यंत ती पुढे आणि मी मागे. मोटारीच्या खोलीत भाऊ भिंतीला टेकून बसले होते, डोळे खोल गेलेले. मी पदर पुढे ओढला आणि उभी राहिले. मग बोलले. "तुमना रोटमा मी गोई टाकेल व्हती. दोन. डॉक्टरन्या. अक्काले माहीत नव्हतं."

अक्का खाली बसली, त्यांच्या अगदी समोर. म्हणाली, "तुमनं खरं व्हतं. कडूच व्हतं. बठ्ठा गाव खोटा पडना, मीबी."

भाऊंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तीन वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं होतं की तुमचं खरं आहे. मग ते पुढे वाकले. कुजबुजत म्हणाले, "मंग तो? मोटारमधला? तोबी खराच शे ना?"

मला वाटलं, झालं. हेच व्हायचं राहिलं होतं. एक खरं कबूल केलं, आता हा माणूस सगळंच खरं धरणार.

अक्का जराही गडबडली नाही. "नही," ती म्हणाली. "तो माले ऐकू येत नही. रोट कडू व्हता, ते मी सांगं. तोबी खरा ऱ्हाता तं तेबी सांगतू."

ही बाई कधी शाळेत गेली नव्हती. एवढ्या भगतांना आणि शहाण्यांना जे सुचलं नाही, ते ती कोरडं कोरडं बोलून गेली. तिचं हो खरं होतं, म्हणून तिच्या नाहीलाही वजन आलं. भाऊ तिच्याकडे बघत राहिले. नंतर त्यांनी हात पुढे केला आणि गोळी मागितली. बघायला. तिनं डबी दिली. त्यांनी एक गोळी नखानं कोरून जिभेला लावली. "हाऊच कडू," ते म्हणाले. आणि मग, "आधी तू."

अक्कानं दुसरी गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायली. मी धरायला पुढे झाले तोपर्यंत ती गिळून बसलीही होती.

तासाभरानं तिची मान कलंडली. खोलीच्या भिंतीला टेकून ती झोपली, तोंड उघडं, हात सैल पडलेले. मी घाबरून हाका मारत होते. भाऊ मात्र हलले नाहीत. तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि तिच्याकडे बघत राहिले. मधूनमधून तिच्या नाकाखाली बोट धरायचे, श्वास आहे का बघायला. तीन वर्षं ज्यानं सगळ्यांच्या हातांकडे संशयानं पाहिलं, तो माणूस सबंध दुपार दुसऱ्या जिवाची राखण करत होता. ऊन उतरलं तेव्हा अक्कानं डोळे उघडले. जीभ जड झाली होती. "तोंड कोरडं पडस," ती म्हणाली. भाऊंनी विहिरीवरून पाणी आणून तिला पाजलं. मग स्वतः एक गोळी घेतली. भाकर मागितली. जातं तिथंच होतं. अक्काला उठवत नव्हतं, तरी तीच दळायला बसली.

मोडलेला रोट उरला होता. टाकायचा नव्हता. अक्कानं तो घरी आणून माझ्या पानात वाढला. मी खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठले नाही. अभिमननं भात करपवला.

पौर्णिमेला जीप आली. अक्का दारात उभी राहिली, पण बोलायचं मला होतं. सासऱ्यासमोर, जीपवाल्यासमोर मी सगळं सांगितलं. नाना काठी जमिनीवर टेकवून उभे होते. जीपवाल्याला म्हणाले, जा. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढला सालथून कानबाईना रोटले लतानी हात लावाना नही." माझी शिक्षा तेवढीच. त्यानंतर नाना होते तोवर कानबाईला मी फक्त भाजीची गंगाफळं, म्हणजे लाल भोपळे, चिरली.

भाऊ एकदम बरे झाले असं मी सांगणार नाही. आवाज पूर्ण कधी गेला नाही. पण लांब गेला, ते म्हणायचे, शेजारच्या गावात गेलाय. दीडेक वर्षानं ते घरीच मोटारी भरायला लागले. गोळी रोज सकाळी अक्काच्या तळहातावरून, उघड. फक्त जात्यासमोर बसणं सुटलं नाही. दाणे तपासणं, पीठ चाळताना बघणं, सकाळी आणि संध्याकाळी. अक्काच्या हातचं सोडून कुणाचं खाल्लं नाही. आणि अक्कानंही कधी म्हटलं नाही की आता पुरे, बरे झालात ना.

त्र्याण्णवमध्ये तिची पिशवी काढायची वेळ आली. अंगावरून जात होतं आणि तिनं ते वर्षभर लपवलं होतं. का? दवाखान्यात दहा दिवस राहायचं, पुढे तीन महिने जातं ओढायचं नाही. मग यांना कोण जेवू घालणार? मला कळलं तेव्हा मी तिला नको नको ते बोलले. तेव्हा नाना नव्हते. धुळ्याची डॉक्टरीण म्हणाली, आणखी थांबलात तर हातातून जाल. अक्का म्हणाली, बघू.

हे बोलणं ओसरीवर चाललं होतं. भाऊ पलीकडे मोटारीत तार भरत होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "तू जाय. लताना हातनं खाई लिसू मी."

अक्का बघतच राहिली. मीही. ज्या बाईनं त्यांच्या घासात गोळी घातली तिच्या हातचं?

ती गेली. अभिमन तिच्याबरोबर धुळ्याला गेले आणि तिथंच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर जातं मांडलं, ज्वारीचं सूप भरून ठेवलं, आणि वाट बघत बसले. भाऊ बाहेर आले. खांद्यावर पिशवी होती, हातात पकड. कुणाच्या तरी मळ्यात मोटार बघायला निघाले होते. ते पायऱ्या उतरले. सात वर्षांत मी त्यांच्याशी दुसऱ्यांदा बोलले. "भाऊ, बसा ना. दळतेय मी. दाणे तरी बघून घ्या."

ते थांबले. "तू दळ," म्हणाले. "काही टाकशी तं सांगशीच तू." आणि निघून गेले.

मी बसून राहिले. पोरी शाळेत गेल्या होत्या, घरात कुणी नव्हतं. पलीकडे चक्की सुरू झाली होती, पट्ट्याचा आवाज येत होता. पायली नेऊन दिली असती तर दहा मिनिटांत पीठ मिळालं असतं, आणि त्यांना कधी कळलंही नसतं. मी जात्यात मूठ टाकली आणि खुंटा धरला. पाचव्या मुठीला दंड भरून आले, दहाव्या मुठीला तळहात सोलला. द्रौपदाअक्का हे नऊ वर्षं दिवसातून दोनदा करत होती, आणि मी भांडी आपटत होते. मला रडू आवरेना. पीठ ओलं होईल म्हणून मी तोंड बाजूला केलं आणि दळत राहिले. दोन भाकरींचं पीठ निघायला मला पाऊण तास लागला.